जुनी गिटार घेण्याआधी गावातला दुरुस्तीवाला शोधा

हौशी वादकाने पहिली गिटार नवी घ्यावी की वापरलेली, असे लातूर, परभणी, जालन्याकडचे शिकाऊ मला वरचेवर विचारतात आणि माझे उत्तर ठरलेले आहे: वापरलेली घ्यावी, कारण तेवढ्याच पैशांत एक पायरी वरचे वाद्य हाती येते आणि पुढे वाजवणे सुटले तरी विकताना फारसे नुकसान होत नाही. मात्र पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला दिलेले सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिथे ब्रिज (तारा धडावर जिथे अडकवतात तो भाग) उचकटला तर तो बसवून देणारा कारागीर शहरातच सापडतो; मराठवाड्यातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी तसा माणूस नसतो. आपल्याकडे असतो तो रेडिओ, टीव्ही, मिक्सर आणि लाउडस्पीकर दुरुस्त करणारा, ज्याच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न सदैव तापलेले असते. त्याच्या जोडीला हार्मोनियमचे सूर लावणारा एखादा म्हातारा कारागीर आणि गल्लीतला सुतार असतो; पण गिटारच्या पातळ लाकडाचे काम या दोघांना कधी पडलेले नसते.

एवढ्या एका गोष्टीवरून खरेदीचा सगळा हिशेब बदलतो. ज्या बिघाडाला सोल्डर लागतो तो आपल्याकडे स्वस्त असतो आणि ज्याला लाकडाचा कारागीर लागतो तो वाद्याच्या किमतीहून महाग पडतो. म्हणून घर सोडण्याआधी गावातल्या रेडिओ मेकॅनिकशी ओळख करून घ्यावी आणि तो गिटारचा जॅक (केबल खुपसायची जागा), पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग), स्विच बदलून देईल का, हे विचारून ठेवावे. त्याने होकार दिला की ‘बंद आहे’ म्हणून कवडीमोलाने निघालेली इलेक्ट्रिक गिटारसुद्धा तुमच्यासाठी घेण्याजोगी ठरते. अकूस्टिक गिटारच्या बाबतीत मात्र ही सवलत नाही, तिथे डोळ्यांत तेल घालूनच बघावे लागते.

कुठे आणि केव्हा शोधावी

लातुरात शिकवण्यांसाठी आलेली मुले मे-जूनमध्ये परीक्षा उरकून खोल्या सोडतात आणि त्या सुमारास हौसेने घेतलेल्या गिटारी पडेल त्या भावात निघतात. छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुले गावी परततात तेव्हाही हेच होते. महाविद्यालयांच्या युवक महोत्सवासाठी घाईने घेतलेली वाद्ये महोत्सव संपल्यावर महिना-दोन महिन्यांत विक्रीला येतात, आणि ती फारशी वाजलेली नसतात. बेस गिटार हवी असेल तर भीमगीतांच्या गायनपार्ट्या आणि ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्यांकडे चौकशी करावी. १४ एप्रिलच्या जयंतीचे कार्यक्रम पुढे कित्येक आठवडे चालतात. ती धावपळ उरकल्यावर जुनी वाद्ये काढून टाकायला ही मंडळी तयार असतात. संभाजीनगर, जालन्याच्या चर्चमध्ये गिटार वाजवणारे जुने वादकही भेटतात. त्यांच्याकडे विकायला काही नसले तरी त्यांच्यापैकी एखादा सोबत यायला तयार झाला, तर या लेखाचा निम्मा उपयोग तिथेच झाला.

मुंबईच्या विक्रेत्याकडून मागवताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. समुद्रकाठच्या दमट हवेत वर्षानुवर्षे राहिलेले लाकूड ऐन एप्रिलमध्ये आपल्या कोरड्या, चाळिशी ओलांडलेल्या उन्हात आले की आकसते, फ्रेटबोर्ड, म्हणजे तारा जिच्यावर दाबतात ती लांब पट्टी, किंचित अरुंद होतो आणि तिच्यावरच्या फ्रेटची, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोके कडेला बाहेर येऊन हाताला करवतीसारखी लागतात. अकूस्टिकच्या वरच्या फळीला भेगही जाऊ शकते. जी गिटार आपल्याच भागात दोन-तीन उन्हाळे काढून आजही सरळ आहे, तिची परीक्षा आधीच झालेली असते. तिच्यावर चार ओरखडे असले तरी मी तीच घेईन.

निघण्याआधी

विक्रेत्याकडून आधी चार छायाचित्रे मागवावीत: बाजूने काढलेले ब्रिजचे, मागून काढलेले डोक्याचे (तारांच्या खुंट्या असतात त्या टोकाचे), पहिल्या तीन फ्रेटांचे जवळून काढलेले आणि बाराव्या फ्रेटवर तारेखाली पट्टी धरून काढलेले. जो चौथे छायाचित्र पाठवायला कुरकुरतो, त्याच्याकडे जाण्याचे बसभाडे वाचवावे. सोबत सहा इंचांची स्टीलची पट्टी, एक व्हिजिटिंग कार्ड, मोबाइलमध्ये ट्यूनर, स्वतःची केबल, नऊ व्होल्टची नवी बॅटरी आणि जमल्यास साधा मल्टिमीटर न्यावा.

नेक

गिटारचा रंग, नाव आणि चमक सोडून पहिल्यांदा नेक, म्हणजे डोक्यापासून धडापर्यंतचा दांडा, बघावा. गिटार सुरात लावून घ्यावी, कारण सैल तारांवर नेकचा खरा आकार कळत नाही. मग ब्रिजच्या बाजूने, बंदुकीचा नेम धरतात तशी एक डोळा मिटून, नेकच्या दोन्ही कडांवरून नजर टाकावी. दोन्ही कडा सारख्याच वाकलेल्या असतील तर तो वाक आहे. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर तो पीळ आहे. वाक ट्रस रॉडने काढता येतो, पीळ काढता येत नाही. पीळ दिसला की चहा घ्यावा आणि निघावे.

वाक मोजायचा तर एका हाताने जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबावी, दुसऱ्या हाताने नेक जिथे धडाला मिळतो त्या फ्रेटवर दाबावी आणि मधोमध, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार व फ्रेट यांच्यात किती फट राहते ते पाहावे. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असणे उत्तम, कारण कंप पावणाऱ्या तारेला तेवढी जागा लागतेच. फट मुळीच नसेल तर तारा फर्रफर्र वाजतात. मिलिमीटरभर असेल तर ट्रस रॉड आवळावा लागेल. हा रॉड म्हणजे नेकच्या आत बसवलेली लोखंडी सळई असून तिचा नट डोक्यापाशी किंवा अकूस्टिकच्या भोकाच्या आत असतो. विक्रेत्याच्या परवानगीने योग्य मापाच्या ॲलन कीने पाव आटा फिरवून पाहावा; तो फिरला म्हणजे रॉड जिवंत आहे. नटचे कोपरे झिजून गोल झालेले असतील तर जोर लावू नये, आणि गिटारही घेऊ नये. अगदी स्वस्तातल्या काही गिटारींत फिरवता येणारा रॉड नसतोच. अशी गिटार घ्यायची तर नेक आजच सरळ हवा, ‘पुढे सरळ करू’ हे तिथे शक्य नाही.

त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवावी. सहा तारा आणि वीस फ्रेट म्हणजे १२० सूर होतात, पण त्याला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही आणि कोणता फ्रेट उंच आहे, कुठे सूर मरतो, हे लगेच कळते. पातळ तारांखाली पहिल्या तीन फ्रेटांवर खाचा पडलेल्या असणे स्वाभाविक आहे. मात्र खाच नखाला खोल लागत असेल तर फ्रेट बदलण्याचे काम दूर नाही, आणि ते काम आपल्याकडे होत नाही. शेवटी बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर ट्यूनरवर जुळतो का ते पाहावे. जुन्या गंजक्या तारांनी थोडा फरक पडतो. तो सोडून द्यावा.

अकूस्टिक

दोन वर्षांपूर्वी मेमध्ये लातुरात एका घरी गिटार पाहायला गेलो होतो. मुलगा पुण्याला गेला होता. गिटार कूलरच्या शेजारच्या खिळ्याला टांगलेली होती आणि कूलरचा ओलसर झोत थेट तिच्यावर येत होता. “लेकरू पुण्याला गेलं, आता हिला वाजवणारं कुणी नाही, घेऊन टाका,” असे आई म्हणाल्या. गिटार दिसायला देखणी होती. आडवी धरून ब्रिजच्या मागे प्रकाश पाडला तेव्हा वरची फळी पुरीसारखी फुगलेली दिसली आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा चांगला अर्धा बोट आत गेला. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची पट्टीवर ४ मिलिमीटर भरली. तरीही सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकायची छोटी पट्टी, घासून उंची उतरवता आली असती, पण कुणीतरी ते आधीच घासून ब्रिजच्या बरोबरीला आणले होते. म्हणजे पूर्वीच्या मालकाने तो उपाय वापरून संपवला होता आणि आता नेकचा कोन बदलण्यावाचून मार्ग उरला नव्हता. मी ती घेतली नाही.

अकूस्टिकच्या पोलादी तारांच्या हलक्या संचाचाही एकूण ताण ७० किलोंच्या वर असतो, आणि तो जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या फळीवर रात्रंदिवस पडत असतो. त्यामुळे ब्रिजमागे किंचित फुगवटा असणे हा दोष नाही. फुगवटा, उचकटलेला ब्रिज आणि संपलेले सॅडल ही तिन्ही एकत्र दिसली तर मात्र पैसे खिशातच ठेवावेत. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली दोन ते अडीच मिलिमीटर उंची असेल तर बोटांना त्रास होत नाही. बोटाच्या पेराने फळीवर हलके ठोकून पाहावे. आतून खडखड ऐकू आली तर आतली एखादी आधारपट्टी सुटलेली आहे. ब्रिजवर सुताराने स्क्रू मारलेले दिसले तर त्याबद्दल जास्त विचारण्याची गरज नाही.

इलेक्ट्रिक आणि बेस

मराठवाड्यातल्या नवशिक्याने वापरलेली इलेक्ट्रिक गिटार घ्यावी, असे माझे मत आहे, आणि त्यातही नेक चार स्क्रूंनी बसवलेली. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आणि स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली. तेव्हापासून त्या घडणीच्या इतक्या गिटारी जगभर निघाल्या आहेत की पॉट, स्विच, खुंट्या, पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा चुंबकी भाग) असे सुटे भाग टपालाने मागवता येतात, फक्त मागवण्याआधी जुन्या भागाचे माप घ्यावे लागते. नेकचा कोन बिघडला तर स्क्रू काढून खाली पातळ पट्टी सारली की काम होते, त्याला कारागीर लागत नाही. तारेची उंची आणि सूर जुळवण्याचे स्क्रू ब्रिजवरच असतात. याउलट डोके मागे झुकलेल्या, चिकटवलेल्या नेकच्या गिबसन धाटणीच्या गिटारी पडल्या की नटच्या, म्हणजे डोक्याच्या सुरुवातीला तारा टेकणाऱ्या पट्टीच्या, मागे मोडतात. तिथे वार्निशखाली केसासारखी रेघ दिसते का, हे बॅटरीच्या उजेडात पाहावे. त्या नावाच्या बनावट गिटारीही बाजारात भरपूर आहेत. अस्सल गिबसनच्या डोक्यावर ट्रस रॉडचे झाकण दोन स्क्रूंनी बसवलेले असते. नकलेत पुष्कळदा तीन असतात.

गिटार अँपला (आवाज मोठा करणाऱ्या पेटीला) लावून स्विच प्रत्येक जागी फिरवावा आणि सगळे पॉट शून्यापासून टोकापर्यंत न्यावेत. खरखर झाली तर घाबरू नये. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा किंवा नवा पॉट एवढाच त्यावर खर्च आहे. आवाजच येत नसेल तर केबल गिटारला लावून तिच्या दुसऱ्या टोकावर मल्टिमीटर धरावा. आवाज पूर्ण चढवलेला असताना एका वेटोळ्याच्या साध्या सिंगल कॉइल पिकअपचा रोध साधारण ५ ते ८ किलोओहम आणि दोन वेटोळ्यांच्या हंबकरचा त्याहून जास्त दाखवतो. स्विच फिरवताना एखाद्या जागी आकडा आला म्हणजे निदान तो पिकअप शाबूत आहे आणि बिघाड स्विच किंवा वायरीत आहे. कुठेच आकडा आला नाही तर बहुधा जॅकची वायर तुटलेली असते, पण ते आत बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह पिकअपला ही चाचणी लागू नाही. माझी स्वतःची गिटार अशीच ‘मेलेली’ म्हणून मिळाली होती. मेकॅनिकने जॅकचे झाकण उघडले, सुटलेली एक वायर दाखवली आणि दहा मिनिटांत ५० रुपये घेऊन ती बोलती केली.

घुमणारा आवाज ऐकून मात्र लगेच निकाल देऊ नये. सिंगल कॉइल पिकअप विजेच्या ५० हर्ट्झची घरघर पकडतोच, आणि ट्यूबलाइटची जुनी चोक जवळ असेल तर अधिकच. त्यातून वीज गेलेली असेल आणि घर साध्या इन्व्हर्टरवर चालू असेल तर कोणताही अँप भुणभुणतो. वीज येईपर्यंत थांबावे. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते ही अर्थिंगची वायर जोडलेली असल्याची खूण आहे. हाताला झिणझिण्या आल्या तर मात्र तत्काळ प्लग काढावा. तो दोष घरातल्या अर्थिंगचा किंवा अँपचा असतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

बेसची तार नटपासून ब्रिजपर्यंत ३४ इंच असते, त्यामुळे नेक लांब असतो आणि पीळ पडण्याची शक्यता जास्त असते. वरची तपासणी इथे दुप्पट काळजीने करावी. सर्वांत पातळ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटांच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो का ते ऐकावे. बऱ्याच बेसमध्ये असा एखादा मुका सूर असतो, किंचित असला तर चालतो. बेसच्या तारांचा संच गिटारच्या संचाहून कितीतरी महाग असतो, म्हणून तारा मेलेल्या असतील तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागावेत. ॲक्टिव्ह बेसमध्ये बॅटरीचा कप्पा उघडून हिरवट क्षार साचले आहेत का ते पाहावे. आणि गिटारच्या छोट्या अँपमधून बेस मोठ्याने वाजवू नये, त्याचा स्पीकर फाटतो. हेडफोनवर किंवा मिक्सरमधून वाजवावा.

पेडल

पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालवायची डबी, ही जुन्या बाजारातली सर्वांत निर्धोक खरेदी आहे, कारण त्यात वाकणारे लाकूड नाही. चांगल्या पेडलची पेटी धातूची असते आणि बॉस कंपनीचे नारिंगी डीएस-१ पेडल तर १९७८ मध्ये आले आणि अजून बनते. त्याची जुनी प्रत रंग उडालेली असली तरी आवाजाला फरक पडत नाही. आधी स्वतःच्या नव्या बॅटरीवर चालवावे, म्हणजे अडॅप्टरचा दोष पेडलच्या माथी बसत नाही. पायाचे बटण वीसेक वेळा दाबावे. दिवा लागतो पण आवाज कधी बदलतो कधी नाही, असे झाले तर बटण बदलावे लागेल. केबल लावलेली असताना जॅक हलवून पाहावेत. वाह पेडल टाचेपासून चवड्यापर्यंत सावकाश दाबावे. मधे खरखरले तर आतला पॉट झिजला आहे.

बहुतेक पेडलला ९ व्होल्ट डीसी लागतो, आणि त्याच्या पिनच्या मधोमध ऋण टोक असते. बाजारात सहज मिळणाऱ्या राउटर-मोडेमच्या अडॅप्टरमध्ये मध्यभागी धन टोक असते, व्होल्टही पुष्कळदा १२ असतात, आणि पिन मात्र तशीच दिसते. घरात पडलेला अडॅप्टर लावून पेडल जाळण्याचा प्रकार म्हणूनच वारंवार होतो. कित्येक पेडलमध्ये अशा वेळी स्वतः जळून बाकीचे भाग वाचवणारा एक डायोड असतो. तो मेकॅनिकच्या डब्यात काही रुपयांना असतो, म्हणून ‘उलटा अडॅप्टर लागला आणि बंद पडले’ असे विक्रेता प्रामाणिकपणे सांगत असेल तर अगदी कमी भावात ते घेऊन बघण्यासारखे आहे. डिजिटल डिले (आवाजाचा प्रतिध्वनी देणारे पेडल) आणि मल्टी-इफेक्ट (अनेक पेडल एकात असलेले) यांना हा न्याय लावू नये. त्यांना करंटही जास्त लागतो आणि आतली चिप जळाली तर मेकॅनिक हात वर करतो.

पैसे देताना

भाव ठरवताना सारखे नवे वाद्य आज किती रुपयांना मिळते ते दुकानात विचारून घ्यावे. सुस्थितीतल्या वाद्याला त्याच्या निम्म्यापासून फार तर दोन-तृतीयांशापर्यंत द्यावे आणि दिसलेला प्रत्येक बिघाड आपल्या मेकॅनिकच्या दराने वजा करावा. “दादा, पॉट खरखरतोय, तारा बदलाव्या लागतील, तेवढे कमी करा,” असे मुद्दा दाखवून मागितले की घासाघीस वाटत नाही आणि समोरचाही लवकर मानतो. वाद्य हातात येण्याआधी आगाऊ रक्कम पाठवू नये. ‘सैन्यात आहे, बदली झाली, पार्सल कॅम्पातून निघाले’ ही कथा सांगणाऱ्यांनी अनेकांना गंडवले आहे. तसेच आपल्याला पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करण्याची किंवा पिन टाकण्याची गरज कधीच नसते, हे विकणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे. फसवणूक झालीच तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे. व्यवहार झाल्यावर साध्या कागदावर तारीख, रक्कम, वाद्याचा अनुक्रमांक आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात. अनुक्रमांक खरवडलेला असेल तर ते वाद्य कुणाच्या घरातून आले असेल याचा विचार करावा.

घरी आणल्यावर

एसटीने येताना गिटार डिकीत किंवा टपावर न टाकता मांडीशी धरावी आणि तारा एखाददोन सूर उतरवाव्यात. उन्हात उभ्या कारमध्ये ती अर्धा तासही ठेवू नये, तापलेल्या डिकीत सरस मऊ पडतो. घरी आल्यावर नव्या तारा चढवाव्यात आणि रोजवुडच्या फ्रेटबोर्डला फ्रेटबोर्डचे तेल फडक्याने अगदी थोडे लावावे. खोबरेल तेल लावू नये. ते खवट होते, चिकटते आणि धूळ धरते. गिटार कूलरच्या झोतापासून दूर, शक्यतो पिशवीत किंवा पेटीत ठेवावी. कूलर नसलेल्या खोलीत मार्चपासून मेपर्यंत एका साबणदाणीला भोके पाडून तिच्यात पिळून घेतलेला ओला स्पंज ठेवावा, ती पेटीत डोक्याच्या बाजूला सारावी आणि दर तीन-चार दिवसांनी स्पंज ओला करावा. पाऊस लागला की साबणदाणी बाहेर काढावी.